दुधावरचा आळ

चुडाव्याच्या कस्तुराबाईची नजर म्हणजे सगळ्या टोळीची राखण होती. बावीस हिवाळे ती ऊसतोडीला गेली. फडात साप निघाला की कोयता थांबवून "सरका मागं" म्हणणारी पहिली बाई तीच असायची. जीभही तशीच तेज. मुकादमालासुद्धा ती तोंडावर सुनवायची. खोटं तिला बोलताच येत नसे, आणि त्याचा तिला थोडा माजही होता.

साठीला टेकल्यावर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मुलगा भागवत तिला परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. सोमवारी ऑपरेशन झालं. बुधवारी ठणका सुरू झाला, म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीनं मायलेक पुन्हा दवाखान्यात हजर. डॉक्टर बाहेरगावी गेलेले. कंपाउंडरनं पट्टी काढून पाहिलं, कार्डावर 'पू आहे' असं लिहून तारखेचा शिक्का मारला आणि तेच थेंब चालू ठेवा, आठ दिवसांनी या म्हणाला.

"मरणाचं दुखायलंय रे बाबा."

"दुखणारच की मावशी," असं म्हणत त्यानं पुढच्याचं नाव पुकारलंसुद्धा.

शुक्रवारी घरी नातवाचं बारसं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि कस्तुराबाई भिंतीला डोकं टेकून कण्हत बसलेली. शेजारची सत्यशीला म्हणाली, "बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब सोड. थंडावा येतो डोळ्याला." गावात हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सून अपेक्षा बारावी शिकलेली. सासूला ती आत्या म्हणे. "डॉक्टरनं कायबी घालू नका म्हणलंय, आत्या," ती म्हणाली. पण ठणक्यापुढे कस्तुराबाईचं शहाणपण चालेना. "दोन थेंब द्यायला तुजं काय जायलंय?" असं ती बायकांदेखत बोलली. अपेक्षानं मुकाट्यानं वाटीत दूध आणून दिलं.

दहा दिवसांत डोळा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी तो काढूनच टाकला.

मग गावात कुजबुज सुरू झाली. सुनेचं दूध बाधलं, असं सत्यशीलाच सांगत सुटली. उपाय कुणी सुचवला होता, हे ती सोयीनं विसरली. त्या दिवसापासून अपेक्षा सासूसमोर पोराला पाजेना. पोर रडलं की ती आतल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. कस्तुराबाईनं दहादा समजावलं. अपेक्षा खाली मान घालून ऐकायची आणि पुन्हा आत जायची. गेलेल्या डोळ्यापेक्षा ते लावलेलं दार कस्तुराबाईला जास्त सलत होतं.

शेवटी तिनं परभणीच्या ग्राहक आयोगात दवाखान्यावर तक्रार केली. म्हातारीला भरपाईचा मोह सुटला, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे.

दवाखान्याचं लेखी उत्तर आलं. रुग्णानं घरगुती उपाय केल्यामुळे डोळा गेला, असं त्यात होतं. ओमप्रकाश वकिलांनी ते वाचून दाखवलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, दुधाचा पुरावा त्यांच्याकडे नाही. आपण प्रतिज्ञापत्रात लिहू, डोळ्यात काहीच घातलं नाही. विषय संपला."

"घातलंय की. तसंच लिहा. सून नको म्हणत होती, मीच मागून घेतलं, तेबी लिहा."

"अहो, तुम्ही आपल्या हातानं केस बुडवताय."

"बुडू द्या. पर दुधाचं नावच न्हाई काढलं, तर दुधानं डोळा गेला न्हाई असं लिहून कोण देणार? मला तेवढंच लिहून पायजे वकीलसाहेब."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "दूध घातलं कधी?"

"बारशाच्या दिवशी."

"म्हणजे बाराव्या दिवशीच ना? नक्की?"

"मग बारसं काय तेराव्याला करत्यात व्हय?"

वकिलांनी नातवाचा जन्मदाखला मागवला आणि बोटांवर दिवस मोजले. बारावा दिवस शुक्रवारी येत होता. कार्डावरचा पू गुरुवारचा होता, आणि कार्डावर शिक्का दवाखान्याचाच होता.

निकालाला अडीच वर्षं लागली. तोवर अपेक्षाला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, आणि दार लावून घेणं चालूच राहिलं. भागवत निकालाची प्रत घेऊन आला, तेव्हा कस्तुराबाईनं ती थेट सुनेच्या हातात दिली.

"दुधाचं कुठं लिहिलंय तेवढं वाच."

अपेक्षानं पानं उलटली. "डोळ्यात दूध घालण्यापूर्वीच पू झाल्याची नोंद दवाखान्याच्या कार्डावर आहे. अशा रुग्णास उपचार न करता परत पाठवणे हा दवाखान्याचा निष्काळजीपणा आहे."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"आता मोठ्यानं. सत्यशीलेच्या घरात ऐकू गेलं पायजे."

तिसऱ्या वेळी अपेक्षाला वाक्य पुरं करता आलं नाही. अडीच वर्षांचं रडू एकदम बाहेर आलं. तेवढ्यात पाळण्यातली पोरही रडायला लागली. अपेक्षानं तिला उचललं आणि सवयीनं आतल्या खोलीकडे निघाली. दारापाशी ती थांबली. मग माघारी येऊन सासूच्या शेजारी बसली, पदर ओढून घेतला आणि पोरीला पाजायला लागली.

भरपाई किती मिळाली, हे कस्तुराबाईनं दुसऱ्या दिवशी विचारलं.