कोरड्या मातीतली कुस्ती

नातेपुत्याच्या पुढं आमचं गाव. दुष्काळाचं साल होतं, तरी जत्रा कमिटीनं कुस्त्या ठरवल्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून पिचली होती, त्यांना एक दिवस तरी दुसरं काही बघायला मिळावं म्हणून. एरवी आठ दिवस आधीपासून आखाड्याची माती खणून, चाळून, ताक-तेल-हळद घालून भिजवत. त्या वर्षी प्यायलाच टँकर येत होता. माती कोरडीच राहिली.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझी जोड अकलूजकडच्या एका पैलवानाशी लागली. तो साखर कारखान्यात पोती उचलायचा. घरात तो आणि त्याची आई, एवढंच.

हलगी वाजवायला आमच्याच गावच्या वस्तीवरचे एक जण होते. वय माझ्या वडिलांएवढं. तरी सारं गाव त्यांना अरे-तुरे करायचं, मीही करायचो. आज लिहिताना 'ते' म्हणतोय, तेव्हा म्हणालो नाही.

कुस्तीआधी ते जाळावर हलगी शेकत बसले होते. मी लंगोट कसून जवळून निघालो, तर म्हणाले, "पैलवान, माती लई कडक हाय. सकाळी खोरं मारलं तर खणखण वाजत हुतं. खाली घ्या, पर उचलून टाकू नगा."

"तू तुझी हलगी बघ," मी म्हणालो.

बराच वेळ नुसती खडाखडी झाली. तो ताकदीनं माझ्याहून भारी होता, मला रेटत कडेला नेत होता. लोक ओरडायला लागले, "लावा की कुस्ती!" हलगी चढली. हलगी चढली की अंगात काहीतरी उसळतं, हे खरं आहे. पण ढाक टाकायची, उचलून आपटायचं, हे मी ठरवलं होतं, हलगीनं नाही. त्याची मान आणि हात आवळून मी त्याला अंगावरून उचलला आणि फेकला. तो डोक्यावर पडला.

लोकांनी फेटे उडवले, मला खांद्यावर घेतलं. वरून दिसलं, की हलगी थांबली आहे आणि ते उभे राहून त्याच्याकडं बघताहेत. तो उठत नव्हता.

ट्रॅक्टरवरून अकलूजला आणि तिथून जीपनं सोलापूरला नेला. मी सोबत होतो. "पाय कुणी धरल्यात माझं? सोडा की," तो सारखं म्हणत होता. पाय कुणीच धरले नव्हते.

मानेचा मणका मोडला होता.

गावात आठवड्याभरात बोलणं सुरू झालं, की हलगीवाल्यानंच जोर चढवला, पैलवान बेभान झाला. कमिटीला हे सोयीचं होतं. मातीचं कुणी विचारणार नव्हतं. चावडीवर त्यांना बोलावलं, मलाही. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हलगीनं तुझं भान गेलं, व्हय रं?"

हलगीवाले माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून उभा राहिलो. तोच होकार धरला गेला. जत्रेतली हलगी त्यांच्याकडून काढली, मग लग्नातलीही. वर्षाच्या आत ते बायको-पोरांना घेऊन सोलापूरला गेले.

तो पैलवान दीडेक वर्ष जगला. महिन्यातून एकदा मी सायकलनं त्याच्या घरी जायचो. पाठीला जखमा पडल्या होत्या. त्याला कुशीवर वळवायला मी त्याच्या आईला मदत करायचो. एकदा राहवलं नाही. मातीचं, हलगीवाल्यांनी बजावलेलं, चावडीवरचं, सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

आईनं विचारलं, "हे तू गावात का बोलला न्हाईस?"

"भ्यालो, मावशी."

"मग हितं बोलून काय उपेग?" ती म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट उचलून आत गेली.

दिवाळीआधी तो गेला. त्यानंतर मी चावडीवर जाऊन सगळं सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली. "आता कशाला उकरतोस?" एवढंच म्हणाले. कुस्ती मी सोडली होतीच.

पुढं दोन वर्षांनी कामासाठी सोलापूरला गेलो होतो. भवानी पेठेत सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी ओढताना ते दिसले. केस पार पिकले होते.

"मामा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच. "चुकलं माझं. तुमी सांगितलं हुतं."

त्यांनी मला ओळखलं. "त्यो पोरगा गेला म्हनं?"

"व्हय."

त्यांनी गाडीची दांडी नीट धरली. मग म्हणाले, "बाजूला व्हा, पैलवान. फुडं उतार हाय, गाडी आवरायची न्हाय."

मी मागून हात लावायला गेलो. त्यांनी वळून मान हलवली, नको म्हणून.