सोफा बाहेर काढला तेव्हा

मंडळी, आज आमच्या रोह्याच्या फ्लॅटमध्ये रंगकाम झालं. हॉलमधलं सगळं सामान बाहेर पॅसेजमध्ये काढलं होतं.

रिकाम्या हॉलची फरशी पुसताना सहज गुणगुणले, तर माझाच आवाज घुमला. मी थेट गडब गावी, माहेरी पोचले! तिथे ओटीवर सामान म्हणजे एक चटई. आई तांदूळ पाखडत गायची आणि सगळं घर घुमायचं. आता आई नाही, घरही हायवेत गेलं.

मग मोठ्यानेच गायले.

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून नवरा आला, तो दारातच थबकला.

"टीव्ही तर बाहेर हाय. गातंय कोण?"

"मीच."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझं गाणं कधी ऐकलंच नव्हतं.

"सोफा आत घेऊ?"

"आज नको."

तुमच्या घरात कुणाचा आवाज सामानाखाली राहिलाय का हो?