लोखंडाच्या पट्टीनं केलेलं मातीचं झाकण

माझी मंडळी गेली त्याला वर्ष झालं, आणि तिच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण मी फोडलं त्याला तीन महिने. पहिल्या गोष्टीत माझा काही दोष नव्हता.

बरणी चिनी मातीची, वरनं तपकिरी, खालनं पांढरी. मंडळीनं ती आंब्याच्या लोणच्यानं भरली आणि पंधरा दिवसांत गेली. आमची मुलगी सुरेखा कुरुंदवाडला दिलीय. तेराव्याच्या दिवशी तिनं सगळ्या पावण्यांसमोर बरणीवर हात ठेवून सांगितलं, "ह्या बरणीला कुणी हात लावायचा न्हाय. वर्षाला आईचं पान वाढू, तवा पयली फोड तिच्या पानात. तवर बंद!" कोर्टानं सील ठोकावं तसं झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जास्त डोलावली.

आता माझा स्वभाव सांगतो. चौतीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर होतो. मोल्डर म्हणजे वाळू दाबून साचा करायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. असल्या माणसाला रिकामं बसा म्हणणं म्हणजे बैलाला पेपर वाच म्हणण्यासारखं. मंडळी होती तवर बरं होतं. ती काम सांगायची, मी ते बिघडवायचो, दोघांचा दिवस जायचा. ती गेल्यावर काम सांगणारंच कुणी राहिलं नाही. सकाळी उठून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचो. दुपारी परत घालायचो. शेवटी दार इतकं गुळगुळीत झालं की वाऱ्यानं आपोआप उघडायचं, आणि मी वळून बघायचो कोण आलं म्हणून.

कोण येतंय!

असाच एक दिवस मला स्वयंपाकघरातली फळी डुगडुगताना दिसली. (डुगडुगत नव्हती. मी हलवून बघितली तवा डुगडुगायला लागली.) बरणी खाली उतरवायला हात घातला, झाकण घरंगळलं, तीन तुकडे!

बाहेरनं सून ओरडली. वैशाली तिचं नाव. "काय फुटलं ओ मामा?" (आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते.)

"काय न्हाय. मांजर हाय."

"आपल्यात मांजर कुठं हाय?"

"आलतं. गेलं."

वैशाली आत आली, तुकडे बघितले आणि कपाळाला हात लावून खालीच बसली. "मामा, वन्सं मला जित्ती सोडायच्या न्हाईत!"

"तुला का? मी फोडलंय."

"तुमाला त्या काय बोलणार? तुमी बाप हायसा. राग माझ्यावरच निघणार की!"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि त्याच दुपारी कोल्हापूर पालथं घातलं. दुकानदारांचं सगळ्यांचं एकच. "झाकण सुटं मिळत न्हाय पावणं, बरणी घ्या." अरे बाबा, बरणी हाय की! बरणी घेऊन त्यातलं लोणचं कुठनं आणू?

तेवढ्यात वैशालीनं मोबाईलवर शोधून काढलं. मंगळवार पेठेत एक मॅडम मातीची भांडी करायला शिकवतात. चाक, भट्टी, सगळं हाय. मी म्हटलं झालं काम! आमच्या गावातनं, गडमुडशिंगीतनं, बस पकडली आणि गेलो.

आत बघतो तर सगळ्या बायका. एक दातांची डॉक्टरीण, दोन शिक्षिका, आणखी कोण कोण. सगळ्यांनी ॲप्रन घातलेला. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान.

"या काका! मातीची आवड कधीपासून?"

"आवड न्हाय ओ. झाकण पायजे."

"पण आधी बेसिक शिकावं लागेल. तीन महिन्यांचा कोर्स आहे."

"वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर आलंय."

मॅडमना काही कळलं नाही, पण ॲप्रन दिला. त्यावर फुलं होती.

पहिल्या दिवशी माती मळायची. दाबून दाबून आतली हवा काढायची, बुडबुडा राहिला की भट्टीत भांडं फुटलंच समजा. बायकांनी बघता बघता गोळे केले. मी दाबली तर माती टेबलाला चिकटली, आणि उचलायला गेलो तर टेबलच उचललं! अठ्ठेचाळीस वर्षं आयती भाकरी खाल्ली आणि मळणं काय असतं ते मंगळवार पेठेत येऊन कळलं. ("आज भाकरी कडक झालीया," हे मी किती वेळा म्हणालो असेन ते इथं नको.)

मग चाक. गोळा फिरत्या चाकाच्या बरोब्बर मधोमध आणायचा. मॅडम त्याला सेंटरिंग म्हणायच्या. ते साधलं नाही तर पुढचं काहीच होत नाही. माझा गोळा म्हातारीच्या दातासारखा हलत होता.

"काका, हात स्थिर ठेवा. माती तुमच्या हातात फिरू दे, तुम्ही मातीभोवती फिरू नका."

"हात थिरच हाय मॅडम. चाक वाकडं हाय."

मॅडमनी चाकावर एक बोट ठेवलं. चाक सरळ होतं.

"डोळे मिटा. मन शांत करा."

"मन शांत असतं तर हितं कशाला आलो असतो?"

मी आपलं साधं बोललो. पण डॉक्टरीणबाईंनी तर आपलं चाकच बंद केलं आणि माझ्याकडं बघत बसल्या. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून पायाखालचं बटण जोरात दाबलं. गोळा सुटला तो थेट डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर! त्यानंतर त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

दीड महिन्यात माझा गोळा मधोमध यायला लागला. मग मॅडमनी खरी गोष्ट सांगितली. "माती सुकताना आकसते, भाजताना आणखी आकसते. आपली माती शंभराला बारा आकसते. झाकण करताना तेवढं मोठं करा."

मला हसूच आलं. आकसणं मला शिकवणार? फाउंड्रीत आम्ही दुसरं काय केलं! लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून साच्याच्या मापासाठी एक खास स्टीलची पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. तिच्यानं मापलं की आकसण्याची सूट आपोआप धरली जाते. रिटायर झालो तवा मला एका दोस्तानं तसली पट्टी दिली होती. ती मी ट्रंकेतनं काढली. लोखंड शंभराला एक आकसतं. आता तुम्हीच सांगा, एवढं धगधगतं लोखंड एक आकसतं, तर मऊ, गार माती बारा कशी आकसंल? मॅडमचं वय लहान, चुकल्या असतील, असं म्हणून मी सोडून दिलं. त्यांचा अपमान नको म्हणून बोललो नाही. (हा माझा मोठेपणा.)

मग रोज सुरू झालं. वर्गातनं घरी आलो की फडकं सोडायचं, बरणीच्या तोंडावर पट्टी धरायची, बोटं आत घालून कड चाचपायची, परत फडकं बांधायचं. काल घेतलेलं माप आज बदलायचं नाही हे मला कळत होतं. पण स्वस्थ बसवत नव्हतं.

"मामा, बरणीचं तोंड काय वाढणार हाय व्हय?" वैशाली म्हणायची.

"तू भाकरी कर."

पहिलं झाकण चाकावर झक्क झालं. मॅडम म्हणाल्या, "आता हे कापडाखाली हळूहळू सुकू दे. चामड्यासारखं घट्ट झालं की उलटं करून बूड छिलायचं. आठ-दहा दिवस." दहा दिवस! मी ते गुपचूप पिशवीत घालून घरी आणलं आणि गॅसवर तवा तापवून वर ठेवलं. पापडासारखा आवाज आला. झाकण मधोमध चिरलं, आणि वैशाली म्हणाली, "मामा, ह्याच तव्यावर मी भाकरी करायची न्हाई हां!"

दुसरं केलं. या वेळी मॅडमनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकताना माझ्याकडं बघितलं. सुकलं, पहिली कच्ची भाजणी झाली, मग झिलई. बादलीत बघतो तर रंग गुलाबी!

"लोणच्याला गुलाबी झाकण? आमची मंडळी उठून यील मॅडम!"

"भाजल्यावर तपकिरी होतं काका. विश्वास ठेवा."

विश्वास ठेवला. दुसरा इलाजही नव्हता.

झाकण हातात पडलं ते वर्षाच्या आदल्या दिवशी. कागदात गुंडाळलेलं, रंग हुबेहूब तपकिरी, वर बोंडसुद्धा सुबक. जरा नाजूक वाटलं खरं. पण म्हटलं, भट्टीतनं आलंय, माणूस आजारातनं उठल्यावर असाच दिसतो. बसमध्ये मांडीवर धरून आणलं. मधल्या थांब्यावर एक बाई म्हणाली, "जरा सरका की पावणं." मी म्हटलं, "झाकण हाय." ती उभीच राहिली.

घरी आलो. वैशालीला हाक मारली नाही, म्हटलं बसवूनच दाखवू. फडकं सोडलं. झाकण दोन्ही हातांनी बरणीवर ठेवलं आणि सोडलं.

डुबुक!

मी बरणीवर बघितलं. झाकण नव्हतं. जमिनीवर बघितलं. तिथंही नव्हतं. मग बरणीत वाकून बघितलं, तर तेलावर दोन बुडबुडे आले आणि फुटले.

शंभराला बारा. मॅडम बरोबर होत्या.

डाव घालून बघितला, झाकण निसटून आणखी खाली गेलं. शेवटी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात मागनं वैशाली. "मामा! काय करालायसा?"

"झाकण बसवतोय."

"बरणीच्या आत?"

मी आत झाकण चाचपत होतो आणि त्या भरपूर तेल पाजलेल्या दारानं काहीही आवाज न करता आत घेतली ती सुरेखा! उद्या सकाळी येणार होती, आज संध्याकाळीच आली. हातातली पिशवी तशीच, आणि समोर बाप, कोपरापर्यंत तिच्या आईच्या लोणच्यात.

माझ्या कोपरावरनं लाल तेल टपटप गळत होतं.

"वन्सं, माझं काय न्हाई हां," वैशालीनं सगळ्यात आधी सांगून टाकलं.

मग मी बोललो. फळी, मांजर, मंगळवार पेठ, पट्टी, तवा, सगळं. सुरेखा ऐकत होती. मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर घर डोक्यावर घेणार. तिनं पिशवी ठेवली, बरणीत डोकावली. वरच्या तेलात करडा गाळ तरंगत होता, आणि कडेला जरा पांढरट बुरशी.

"अप्पा, तीन महिनं बरणीत बोटं घालत होतासा?"

"माप घेत होतो."

"हात धुऊन?"

मी बरणीकडं बघितलं.

"अप्पा, मातीच्या वर्गातनं येऊन, हात धुऊन, का न्हाय?"

"न्हाय."

ती मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. मी घाबरलो. म्हटलं, बाई, बापाला मार पायजे तर, पर रडू नको. तिनं पदर काढला तर ती हसत होती! हसता हसता डोळ्यांतनं पाणी येत होतं, त्यामुळं नक्की काय चाललंय ते सांगता येत नव्हतं. वैशाली पण सुरू झाली. मी लोणच्याचा हात वर धरून उभा.

"आईनं तुमाला सैपाकघरात का येऊ दिलं न्हाई, आत्ता कळलं," सुरेखा म्हणाली. मग कोरड्या लाकडी डावानं तिनं वरचा थर काढून टाकला. त्याच्याखालचं वासाला चोख होतं. शेवटी माझं झाकणही निघालं. "वरचं गेलं. खालचं हाय. पर आता टिकायचं न्हाय हे."

दुसऱ्या दिवशी पान वाढलं. वडे, खीर, भाजी, भाकरी, सगळं तिच्या आवडीचं. आणि कडेला सुरेखानं बरणीच्या तळातली, सगळ्यात चांगली अशी एक फोड ठेवली. पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून आम्ही मागं सरलो. पावणेमंडळी गोळा झालेली. मला वाटत होतं, वर्षभर राखलं, आता एवढं तरी तिला पोचू दे. बाकी काय मागणं नाही.

कावळा लगेच आला. वडा सोडला, खीर सोडली, आणि सरळ लोणच्याच्या फोडीवर चोच मारली!

"बघितलासा? आईला लोणचंच पायजे होतं," सुरेखाचा आवाज भरून आला. मी हात जोडले.

कावळ्यानं फोड उचलली, दोनदा चावली. थांबला. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. फोड खाली टाकली, चोच कठड्यावर इकडनं घासली, तिकडनं घासली. आणि मग बाकीचं सगळं पान चाटून पुसून खाऊन, तेवढी एक फोड तिथंच ठेवून उडून गेला.

"मातीची कचकच लागली आसंल," वैशाली हळूच म्हणाली.

पावणे म्हणाले, समाधान झालं, अप्पा, तिचं समाधान झालं. मी मान डोलावली. समाधान कसलं डोंबलाचं! वर्षभरानं एकदा आली, ते बी सगळ्या भावकीसमोर माझी हजेरी घेऊन गेली!