न ओसरलेली भरती

वसईच्या पाचूबंदरला बीआट्रिसबाईंनी लग्न होईपर्यंत ओहोटीला खडकांवरची कालवं फोडली होती. टोरोंटोत तीस वर्षं काढली, तरी समुद्राच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत. २००८ साली त्यांचा जावई ऍलन, इतिहासाचा शिक्षक, त्यांना म्युझियम दाखवायला घेऊन गेला.

"इथले पहिले लोक आशियातून आले. हिमयुग सरताना बर्फ वितळून वाट झाली, तसे चालत खाली उतरले," नकाशावरचा बाण दाखवत तो म्हणाला.

"वाट कशाला बघतील?" बाई फणकारल्या. त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने बोट फिरवलं. "कालवं खात, होडीतून उतरले असतील."

"तसंही म्हणतात काही जण, मम्मी. पण मग किनाऱ्यावर त्यांच्या वस्त्या फारशा का सापडत नाहीत?"

"वितळलेलं बर्फ कुठे गेलं?"

"समुद्रात."

"मग? त्यांच्या घरांवर भरती आली, बाबा. अजून ओसरली नाही."