टाकी झाकल्यावर पाहायचं काय?

मंडळी, आज दुपारी माझे दोन समुद्री क्लाउनफिश नव्या टाकीत हलवले. जुनी गळायला लागली होती. तुम्ही ग्रुपवर सांगितलं तसं माशांची पिशवी नव्या टाकीत तरंगत ठेवली, तिच्यात नवं पाणी थोडं थोडं मिसळलं. तरी एक मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला. मग दिवा बंद केला, खाणं दिलं नाही आणि टाकीवर चादर टाकली.

आमचा संग्रामपूरचा भाग खारपाणपट्ट्यातला. संध्याकाळी रफिकभाई आले, माझं शेत तेच करतात. कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारून आले होते, म्हणून आधी हात धुवायला लावले.

टाकीच्या मिठाचं पाकीट पाहून म्हणाले, "मीठ काऊन विकत आनता भाऊ? आपल्या बोअरचं पानी खारंच हाय ना!"

"ते पानी देल्लं का कपाशी जळते, मासे कसे जगतीन? यायले समुद्रासारखंच पानी लागते."

ते हसले. रोज आम्ही टाकीसमोर अर्धा तास बसतो. बीटी बियाणं, पाऊस, अळी, सगळं माशांकडे पाहतच बोलतो. आज चादरीकडे पाहून म्हणाले, "मंग आज पाहाले काहीच नाही," आणि चहा न घेताच गेले.

हे मासे मुलीचे. ती पुण्याला गेली, आता घरात मी एकटाच. तिचा फोन येतो तोही, "बाबा, मासे कसे आहेत?"

आत्ता चादरीसमोर बसलोय. उचलून पाहायचं नाही, एवढंच पाळतोय. नव्या जागी मासे किती दिवसांत रुळतात, ते तुम्ही सांगालच. तोवर माणसानं कुणाकडे पाहत बसायचं, तेही कुणीतरी सांगा.