ब्रेकर आला, उतरा जी

गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांवरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरशी ज्यांचं व्यक्तिगत वैर आहे असे गृहस्थ जगात एकच, आणि ते आपल्या नात्यात आहेत. मुलांनो, तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. मागच्या खेपेला तुम्ही त्यांच्या पांढऱ्या, जमिनीला टेकलेल्या जीपगाडीसमोर फोटो काढून घेतलेत, पण ती इतकी बसकी का, हे काही विचारलं नाहीत. म्हणून सांगते.

गाडी पंचवीस वर्षांची, आणि मुळात एवढी उंच की जाऊबाईंचे, म्हणजे भाऊजींच्या पत्नीचे, गुडघे तिच्याकडे पाहूनच दुखायला लागत. त्यांना चढता यावं म्हणून भाऊजी एक लाकडी स्टूल सोबत बाळगत. चिचगडच्या एका लग्नात ते स्टूल आचाऱ्यानं बसायला नेलं आणि जाऊबाई तासभर मांडवाबाहेर गाडीला टेकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी भाऊजी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "बायको वर चढत नाही, तं गाडी खाली आण." मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगा कापल्या, मागच्या पाट्यांतली दोन-दोन पानं काढली आणि गाडी गाभण म्हशीसारखी खाली आली.

जाऊबाईंची सोय झाली, बाकीच्यांची गेली. दर रविवारी आम्ही चौघं जाऊबाईंच्या माहेरी, नवेगाव बांधला जातो. वाटेत ब्रेकर दिसला की भाऊजी गाडी उभी करून जाहीर करतात, "ब्रेकर आला, उतरा जी." मग मी आणि तुमचे आजोबा उतरायचो, गाडी दोन बोटं वर यायची, भाऊजी ती तिरकी घालून एकेक चाक पलीकडे न्यायचे आणि आम्ही मागून चालत जाऊन पुन्हा बसायचो. जाऊबाई मात्र पुढच्या सीटवर देवीसारख्या बसून राहत. एकदा आजोबा वैतागून म्हणाले, "अरे, अर्धा रस्ता मी पायीच आलो." भाऊजी शांतपणे म्हणाले, "मंग काऊन चिडून राहिला, दादा? डॉक्टरनं चालायलेच तं सांगितलं हाय."

अशा गाडीचं पोट कधी बरं नसतं. तिचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, दर सहा महिन्यांनी संपतात. टायर बाहेरच्या कडेला नवे आणि आतल्या कडेला टक्कल पडलेले. पूर्वी शर्टाची कॉलर उलटवून शिवत, तसे भाऊजी ते टायर उलटवून घेतात. आजार ते कानानंच ओळखतात. कटकट म्हणजे बुश, ठकठक म्हणजे बॉल जॉइंट, आणि काहीच आवाज नसला तर काहीतरी पडलं. एकदा गाडी अशीच अचानक गप्प झाली, तर हे उतरून मागे चालत गेले आणि तुटलेला शॉकअप दुपट्ट्यात गुंडाळून, बाळ आणावं तसा घेऊन आले. मिस्त्रीनं जुने बुश तळहातावर चुरून दाखवले. "काकाजी, ये बुश नहीं, चूरन है. गाडी पुन्हा उंच करून घ्या आता."

यंदा हिवाळ्यात नागपूरला जाऊबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. आता त्या माझ्याआधी जिना चढतात. गाडी खाली ठेवायला काही कारणच उरलं नाही. भाऊजींनी सोमवारी ती उंच करायचं ठरवलं. मला म्हणाले, "वहिनी, एकदा तरी ब्रेकरवरून न थांबता जायचं हाय मले." साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर मी इतका लहान मुलासारखा आनंद पाहिला नव्हता.

आदल्या रविवारी बसक्या गाडीची शेवटची फेरी होती. निघताना मी दार दोन्ही हातांनी धरलं, पाय उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. "पदर अडकला," मी म्हणाले. तुमच्या आजोबांना ते पटलं. भाऊजी आरशातून बघत होते. पहिला ब्रेकर आला. जाऊबाई टुणकन उतरल्या. मी दाराच्या कडीला हात घातला, तसे भाऊजी मागे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा जी."

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे गेली आणि संध्याकाळी होती तेवढीच बसकी परत आली. फक्त बुश नवे होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला न थांबता जायचं होतं ना?" ते बॉनेट पुसत म्हणाले, "आपल्याले कोणती गाडी पकडायची हाय?"

आता पुढच्या सीटवर मी असते. काचेतून बघते, तर तुमचे आजोबा काठी टेकत चाललेले असतात आणि जाऊबाई त्यांच्यापुढे नव्या गुडघ्यांवर, हात हलवत, "या, या, डावीकडनं घ्या नं," असं ओरडत. तुम्ही फोनवर विचारता, आजी कशी आहेस, आणि मी ठणठणीत म्हणून सांगते. ते बहुतेक खरंच आहे. फक्त ब्रेकर आला की मी उतरत नाही.