पोलादपूर स्टँडवरचा फ्लेक्स

महाडच्या एमआयडीसीत मी एचआर सांभाळते, असं सांगितलं की समोरचा लगेच विचारायचा, "आमच्या पोराचं काही होईल का?" अलीकडे कोणी विचारेनासं झालं होतं आणि तीच माझी अडचण होती. कंपनी रसायनांचा नवा प्लांट उभा करत होती, त्यासाठी ऑपरेटर हवे होते आणि पोरं पोलादपूरला गाडीत बसत ती थेट मुंबईला उतरत. वाटेत महाड लागतं, पण उतरायचं कोणाच्या मनात येत नव्हतं.

यावर उपाय म्हणून आमच्या प्लांटच्या साहेबांनी पुण्याची एक जाहिरात एजन्सी आणली. साहेब माणूस चांगला, पण पुण्याहून आलेली कुठलीही गोष्ट त्यांना शहाणी वाटते. एजन्सीच्या लोकांनी दुपारभर पडद्यावर चित्रं दाखवली. साबण विकतात तशी नोकरी विकायची, म्हणाले. कंपनीचं नाव घराघरात गेलं पाहिजे, उमेदवाराला आपल्याबद्दल आपुलकी वाटली पाहिजे. मला ते पटलं. आजही पटतं. फक्त साबण घेताना कोणी मामाला विचारत नाही आणि आमच्याकडे नोकरी धरताना अख्ख्या भावकीला विचारतात, एवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

जाहिरातीतल्या फोटोसाठी मुलगा मी निवडला. उमरठच्या पुढच्या एका वाडीतला, रिअ‍ॅक्टरवर काम करणारा, कामाला वाघ. त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगी नाते गावची, बोलणी झालेली, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. कंपनीने आपला फोटो लावला की सासरच्यांत वजन वाढेल, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

फोटो सुंदर आला. काळापांढरा, मागे सगळं धूसर, वर मोठ्या अक्षरांत 'आमचा अभिमान', खाली त्याचं नाव आणि गाव, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. रंगीत फ्लेक्सच्या गर्दीत हा उठून दिसेल, असं एजन्सीवाले म्हणाले. दिसला.

आमच्या भागात फ्लेक्स दोनच प्रकारचे. रंगीबेरंगी असेल, माणसाने गॉगल लावलेला असेल, तर वाढदिवस. काळापांढरा असेल, तर भावपूर्ण श्रद्धांजली. तिसरा प्रकार कोणाच्या डोक्यातच नाही, त्यामुळे वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मी इथलीच, जन्मापासून महाडची, पण कॉम्प्युटरवर बघताना मला फक्त छान फोटो दिसला.

फ्लेक्स सकाळी पोलादपूर स्टँडसमोर लागला. त्याच्याच वाडीतल्या कोणीतरी एसटीच्या खिडकीतून तो बघितला, चालत्या गाडीतून मोबाइलवर टिपला आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मुंबईतले गाववाले आपापल्या साहेबांकडे रजा मागायला गेले. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो फोन उचलेना, कारण आमच्याकडे प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. त्याचा फोन गेटवरच्या कपाटात वाजत पडला होता.

मला फोन आला तो त्याच्या काकांचा. रडत होते. "मॅडम, बॉडी कधी देताय?"

काय झालंय ते उमगायला मला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा मी प्लांटकडे धावत सुटले. हेल्मेट नाही म्हणून सुरक्षारक्षकाने मलाच अडवलं आणि तो बरोबर होता. शेवटी पोराला बाहेर बोलावलं, त्याच्या हातात माझा फोन दिला आणि व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पडद्यावर त्याचं अंगण माणसांनी भरलेलं दिसलं. गर्दीतून आई पुढे आली. तिने फोन अगदी डोळ्यांजवळ धरला.

"जेवलास का रे?" तिने विचारलं.

तो "नाय" म्हणाला आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मग तिने मला फोनवर मागून घेतलं. "बाई, तुमाला पण पोरं असतील ना? जित्या माणसाचा असा फोटो लावतात?"

मी माफी मागितली. दुसरं काय बोलणार होते?

फ्लेक्स दुपारच्या आत उतरवला, पण बातमी नाते गावात पोचली होती. मुलगा धडधाकट आहे हे त्यांना कळलं, तरी मुलीकडून निरोप आला की जरा थांबू. तिची आत्या अपशकुन म्हणाली. शेजारपाजारचे म्हणाले, कंपनी असे फोटो आधीच काढून ठेवते, म्हणजे तिथं माणसं जात असणार. मुलगा शिफ्ट संपवून माझ्या केबिनमध्ये आला आणि दारातच उभा राहिला.

"मॅडम, मोडतंय," म्हणाला.

एजन्सीला खुलासा करणारी पोस्ट टाकायची होती. काही टाकू नका म्हणून मी त्यांना ठणकावलं. हे लग्न मोडलं असतं तर त्या पोराचं नुकसान झालंच असतं, वर त्या खोऱ्यातल्या एकाही आईने आमच्या गेटकडे पोरगा फिरकू दिला नसता. पोस्ट वाचून मुलगी देणारा बाप मी तरी पाहिलेला नाही.

मी स्वतः नाते गाव गाठलं. मुलीचे वडील शेतकरी, बोलायला कमी. ओटीवर चहा झाला. मी आढेवेढे न घेता म्हणाले, "मुलाचं घर बघून आलात ना? मग तो दिवस काढतो ती जागाही बघा. कंपनी बघायला या. कांदेपोहे माझ्याकडे."

आत्या आतून म्हणाली, "असं कुठं असतं गो बाय?"

"आता असेल," मी म्हणाले. मुलगी दारामागे हसली, तेव्हा मला धीर आला.

रविवारी वडील, आत्या आणि मुलगी आले. तिघांना हेल्मेट दिली. आत्याने पदर डोक्यावर घेऊन त्यावर हेल्मेट चढवलं आणि येताजाता प्रत्येक पाइप हुंगून पाहिला. मुलीचं बारावीपर्यंत सायन्स झालेलं. रिअ‍ॅक्टरमधला दाब वाढला तर काय करता, असं तिने मुलाला विचारलं. त्याने तिच्याकडे न बघता, सगळं मीटरकडे बघून समजावलं, पण समजावलं बरोबर. मला वाटलं, जमलं.

कँटीनमध्ये पोहे खाताना साहेब आले. आनंदात होते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आमचा अभिमान आहे!"

वडिलांनी बशी खाली ठेवली. "कायम हाय का कंत्राटी?"

मुलगा कंत्राटी होता. काम आमचं, कपडे आमचे, पण हजेरी ठेकेदाराची. मी दर वर्षी त्याचं नाव वर पाठवत होते आणि दर वर्षी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून ते खाली येत होतं.

"प्रोसेस चालू आहे," साहेब म्हणाले.

"तुमचा अभिमान म्हणताय," वडील शांतपणे म्हणाले, "मग तुमच्यातला का नाय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी मी सांभाळून घेते, याची त्यांना सवय आहे. मी सांभाळून घेतलं. म्हणाले, "या आठवड्यात कायमचं पत्र मिळतंय त्याला. साहेबांनी ठरवलंय."

पाहुण्यांसमोर साहेब नाही कसे म्हणणार? तेही हसले. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यात लिंबू पिळत बसले.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी केबिनचं दार लावून मला यथेच्छ झापलं. मी झापू दिलं. त्यांचा दम संपल्यावर म्हणाले, "साहेब, घराघरात जाणारी जाहिरात पाहिजे होती ना तुम्हाला? आज नाते गावात गेली." त्याच आठवड्यात त्यांनी पत्रावर सही केली.

साखरपुडा थाटात झाला. आत्याने मला ओवाळलं. नंतर पोलादपूरकडून खरंच मुलं यायला लागली, बहुतेक वेळा सोबत बाप किंवा मामा. मी खुशीत होते, आणि का नसावं? पुण्याच्या पडद्याने जे केलं नाही ते मी बशीभर पोह्यांवर केलं होतं.

मग एका सकाळी ठेकेदाराकडची बाकीची पोरं माझ्या केबिनबाहेर दिसली. रात्रपाळी करून, आंघोळ करून, केस विंचरून आलेली. सगळ्यांत जुना पुढे आला. त्याच्या मुली शाळेत जातात.

"मॅडम," तो हसत म्हणाला, "आमच्यासाठी पण एखाद्या मुलीचा बाप बघा की."

मागचे सगळे हसले. मीही हसले. पण जागचं कोणी हललं नाही.